गाडी बघायच्या आधी मिस्त्री बघा



आज पिकावर नाही, पण पिकाच्या वाहतुकीवर लिहितो. भेंडीचा तोडा सुरू व्हायच्या आत एक जुनी गाडी घ्यायची होती. घरच्यांनाही उपयोगी पडेल आणि मागची सीट पाडली की क्रेटही मावतील, अशी. त्यासाठी गेल्या रविवारी मुरबाडहून ठाण्याला, खोपटला भाच्याकडे गेलो. त्याच्या बिल्डिंगमधल्या एकाची सात सीटर डिझेल गाडी विकायची होती. रंग झकास, एसी गार, एकच मालक. तेवढ्याच वयाच्या बाकीच्या गाड्यांपेक्षा ऐंशी हजारांनी स्वस्त. भाचा म्हणाला, "मामा, डोळे झाकून घे."

मी मालकाला एकच विचारलं, "हिची क्लच प्लेट मुरबाडात मिळेल का?" माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "कंपनीनं इथं गाड्या विकणं बंद केलंय. पार्ट मिळतो, पण मागवावा लागतो. मागच्या वेळी नऊ दिवस गाडी उभी होती."

चहा घेतला आणि गाडी न घेता उठलो.

भाचा नाराज. त्यानं हिशोब मांडला. नऊ दिवसांत भेंडीचे चार-पाच तोडे होतात. एका खेपेला टेम्पोचं भाडं दीड हजार धरलं तरी साडेसात हजार. ऐंशी हजार वाचवून साडेसात हजार गेले, तर बिघडलं कुठं?

हिशोब चुकीचा नाही, पण अर्धा आहे. तोड्याच्या दिवसांत टेम्पो सगळ्यांनाच हवा असतो, तो ऐनवेळी मिळेलच असं नाही. भेंडी एक दिवस झाडावर जास्त राहिली की जून होते, मग तिला कोणी विचारत नाही. दोनदा माल पोचला नाही की व्यापारी दुसरीकडे वळतो. आणि मुख्य म्हणजे ते ऐंशी हजार वाचलेलेच नसतात. जी गाडी आपल्याला स्वस्त मिळते, ती विकतानाही स्वस्तच जाते. आपण ते पैसे फक्त काही वर्षं वापरायला घेतो.

परतताना कल्याण-शीळ रस्त्यानं आलो. डोंबिवलीजवळ अजून लोकांच्या तोंडी 'प्रीमियर मैदान', 'प्रीमियर कॉलनी' ही नावं आहेत. नव्या पोरांना माहीत नसेल, पण हे नाव प्रीमियर ऑटोमोबाईल्सचं. या कंपनीचा कल्याणजवळ कारखाना होता आणि नव्वदच्या दशकात तिथं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर भागीदारीत ३०९ नावाची गाडी निघत होती. त्या काळाच्या मानानं गाडी चांगली होती. डिझेल इंजिनचं तर लोक अजून नाव काढतात. पण कामगारांचा वाद पेटला, उत्पादन रखडलं, १९९७ ला प्यूजो भागीदारीतून बाहेर पडली. ज्यांनी हौसेनं गाडी घेतली होती, ते पुढं सुट्या भागांसाठी फिरत राहिले.

आता त्याच कंपनीची दुसरी गाडी बघा. प्रीमियर पद्मिनी, आपण जिला 'फियाट' म्हणायचो. ही कुर्ल्याला बनायची. इंजिन जुनं, गिअर स्टिअरिंगजवळ, बिघडायची पण. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, तरी मुंबईत टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. शेवटी थांबवलं ते टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे म्हणून. इतकी वर्षं ती कशी टिकली? तिचं इंजिन उघडता येणारा मिस्त्री आणि तिचा पार्ट ठेवणारा दुकानदार जागोजागी होता म्हणून.

असं नुसतं तेव्हाच घडलं असंही नाही. जनरल मोटर्सनं २०१७ संपताना भारतात शेवरलेट विकणं थांबवलं, आणि तळेगावला त्यांचा कारखाना होता. २०२१ मध्ये फोर्डनं इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस चालू ठेवू असं दोघांनीही सांगितलं. शहरातल्या माणसाला ते पुरतं. आपल्याला सर्व्हिस सेंटर गाठायला अर्धा दिवस जातो.

म्हणून माझं मत असं. गाडी किती वेळा बिघडते हे तर बघाच, पण बिघडल्यावर किती दिवस उभी राहते हे त्याहून जास्त बघा. बियाण्याचं आपण हेच करतो ना? वाण कितीही उत्पन्न देवो, पुढच्या हंगामात बियाणं तालुक्याला मिळणार नसेल तर त्यावर सगळं रान लावत नाही.

याचा अर्थ भंगार घ्या असा नाही. नव्या गाड्या पद्मिनीपेक्षा कितीतरी कमी बिघडतात. फक्त घेण्याआधी एवढं करा:

१. गाडीचं मॉडेल ठरवायच्या आधी आपल्या मिस्त्रीला विचारा, "तुझ्याकडे कुठल्या गाड्या रोज येतात?" आणि बघायला जाताना त्यालाच सोबत न्या. त्याची दिवसाची मजुरी द्या, ती वाया जात नाही.

२. क्लच, ब्रेक, रेडिएटर, सेल्फ. हे पार्ट तालुक्याच्या दुकानात आहेत का, आणि कितीला, हे स्वतः विचारून या.

३. रोजचं जाणं शेत ते गाव एवढंच असेल तर बीएस-६ डिझेल घेताना विचार करा. तिच्या सायलेन्सरच्या लाइनीत काजळी धरणारी डीपीएफ जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. नुसत्या चार किलोमीटरच्या फेऱ्यांनी जाळी तुंबते आणि खर्च मोठा येतो.

४. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पिकअप घेणार असाल तर फिटनेसची तारीख बघा. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं.

मी अजून गाडी घेतलेली नाही. मिस्त्रीनं दोन नावं सांगितलीत. दोन्ही दिसायला साध्या आणि ऐंशी हजारांनी महाग. त्यातलीच एक घेईन. भाचा म्हणतो मामा जुन्या विचारांचा. असू दे. तोड्याच्या दिवशी पहाटे चार वाजता भेंडी भरायला त्याची झकास रंगाची गाडी येणार नाहीये.

तुमच्या गावात कुठल्या गाडीचा पार्ट त्याच दिवशी मिळतो, ते खाली लिहा. घेणाऱ्याला उपयोग होईल.