मुक्या सोबत्याचा परदेशप्रवास

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराच्या अखेरच्या वाटचालीत त्याच्यासोबत केवळ एक कुत्रा उरतो. त्याला सोडून रथात बसावे, असे इंद्र सुचवितो. परंतु सोबत आलेल्या जिवाचा त्याग करून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिराला नको असतो. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये असाच पेच काही तरुणांपुढे उभा राहिला. युद्धग्रस्त युक्रेनमधील भारतीय विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेद्वारे मायदेशी आणले जात होते. त्यांपैकी काहीजण आपली कुत्री-मांजरे मागे टाकून येण्यास तयार नव्हते. अखेर केंद्र सरकारने पाळीव प्राणी आणण्याचे नियम त्या प्रसंगापुरते शिथिल केले.

ती सवलत संकटकाळातील अपवाद होती. एरवी नोकरीसाठी किंवा मुलांजवळ राहण्यासाठी परदेशी निघालेल्या कुटुंबाला कुत्रा सोबत न्यायचा असेल, तर त्याची वाट नियमांतूनच जाते. विमान कंपनीच्या लेखी कुत्रा हे सामान असते, शासनाच्या लेखी तो रोगाचा संभाव्य वाहक असतो आणि घराच्या लेखी तो कुटुंबातील एक असतो. या तिन्ही दृष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. अडचण तेव्हा होते, जेव्हा घरची माणसे केवळ मायेचा विचार करतात आणि तिकिटे काढून झाल्यावर नियमांकडे वळतात.

हे नियम निष्ठुर वाटतात. पण त्यांमागे रेबीजची भीती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजच्या बळींपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात असतात. म्हणूनच युरोपीय संघातील देशांत भारतातून कुत्रा न्यायचा, तर प्रथम त्याच्या त्वचेखाली ओळखीची सूक्ष्म चिप बसवावी लागते व नंतर रेबीजची लस द्यावी लागते. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासणीसाठी घेतले जाते आणि तपासणी समाधानकारक ठरली, तरी रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा स्वीकारीतच नाही. म्हणजे तयारीला निदान सहा महिने हाताशी हवेत.

रायपूरकरांची वाट आणखी लांबते. निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र देणारी केंद्र सरकारची पशु संगरोध कार्यालये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर अशा मोठ्या शहरांत आहेत. तेथवर कुत्र्याला विमानाने किंवा रेल्वेने न्यावे लागते. रेल्वेत वातानुकूलित पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे घ्यावा, अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे, असा नियम आहे. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत असा प्रवास टाळणेच शहाणपणाचे.

कागदपत्रे पूर्ण झाली, तरी जबाबदारी संपत नाही. पिंजऱ्यात कुत्र्याला उभे राहता, वळता व आडवे होता आले पाहिजे. प्रवासाच्या दिवशी त्यात एकाएकी कोंडण्याऐवजी कित्येक आठवडे आधीपासून त्याला त्याची सवय लावावी. गुंगीचे औषध देणे सोपे वाटते; पण उंचावर त्याने श्वास व हृदय यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून पशुवैद्य सहसा त्याला विरोध करतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास लवकर होतो. त्यामुळे अनेक कंपन्या त्यांना नेण्यास नकार देतात.

मग प्रश्न उरतो : कुत्र्याला न्यावेच का? वृद्ध वा आजारी कुत्र्याला परिचित माणसांच्या घरी, परिचित अंगणात ठेवणे हेही प्रेमच आहे. मात्र त्यासाठी तसे घर शोधावे लागते, त्या घरी त्याला आधीपासून रुळवावे लागते. ही तसदी न घेता कुलूप लावून निघून जाणे आणि आयुष्यभर दाराशी वाट पाहणाऱ्या जिवाला रस्त्यावर सोडणे, हा विश्वासघात होय. माणसाला परदेशी का जायचे आहे, हे माणसाला ठाऊक असते. कुत्र्याला केवळ आपला माणूस ठाऊक असतो. म्हणून कुत्रा पाळण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्यानेच त्याला सोबत नेण्याचा किंवा मागे ठेवण्याचा निर्णय त्याचे हित पाहून आणि वेळेवर घ्यावा.