आमचा कासु, त्यांची कॅश

मी तंजावरातल्या एका बँकेत कॅशियर होतो, आता निवृत्त आहे. तमिळमध्ये नाण्याला, पैशाला कासु म्हणतात. 'सार, तुमची ही कॅश आमच्या कासुवरूनच गेली बरं का,' असं जाळीपलीकडून सांगणारं गिऱ्हाईक दर आठवड्याला एक तरी भेटायचंच. हल्ली तेच मोबाइलवर फिरतं, सोबत राजराज चोळाचं चित्र. पुण्याकडच्या नातलगांकडून सांबार येतं, ते वेगळंच: संभाजीराजे तंजावरी पाहुणे आले, मुदपाकखान्यात कोकम नव्हतं, आमटीत चिंच पडली, झालं सांबार! दोघांनाही माझं उत्तर एकच. उच्चार जुळला म्हणून सोयरीक होत नाही. कागद दाखवा.

कॅशचे कागद आहेत, आणि त्यांतले निम्मे तमिळांच्या बाजूने पडतात. रोकड या अर्थाचा कॅश इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला तो फ्रेंच-इटालियनकडून. इटालियनमध्ये 'कास्सा' म्हणजे पेटी. आधी पैशांची पेटी ती कॅश, मग पेटीतले पैसे तीच कॅश. कॅशियर म्हणजे पेटीवाला, आपल्या जुन्या कारभारातला पोतनीस. इथे कासुचा काडीचा संबंध नाही.

पण इंग्रजीत याच स्पेलिंगचा दुसरा कॅश आहे. मोठे कोश त्याची नोंद वेगळी करतात. पूर्वेकडच्या मुलुखांतलं हलकं नाणं, एवढाच त्याचा अर्थ. चीनमधल्या चौकोनी भोकाच्या तांब्याच्या नाण्यालाही इंग्रज कॅशच म्हणत. हा मात्र कासुचा वंशज. पोर्तुगीजांनी तो किनाऱ्यावर ऐकला आणि आपल्या 'कायशा'सारखा लिहून टाकला. कायशा म्हणजे त्यांच्याकडे पुन्हा पेटीच! त्यांच्याकडून तो इंग्रजांनी उचलला. एकाच आडनावाचे दोन परके भाडेकरू एका वाड्यात राहायला यावेत आणि पोस्टमनने त्यांना भाऊ समजावं, तसं या दोन शब्दांचं झालं आहे.

हा नाण्याचा कॅश काही कोशातच राहिला नाही. मद्रासेत कंपनीचे हिशेब 1818 पर्यंत त्यातच चालत: 80 कॅशचा एक फनम, 42 फनमांचा एक पगोडा. फनम म्हणजे तमिळ पणम. तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून 1620 मध्ये तरंगंबाडी मिळवून बसलेल्या डेन लोकांनी तर आपल्या नाण्यांवर 'कास' असंच पाडलं.

आणि मूळ कासु बघायचा तर आमच्या पेरिय कोविलात या, तुम्ही ज्याला बृहदीश्वर म्हणता तिथे. देऊळ 1010 चं. भिंतींवर राजराजाच्या काळातले दानलेख आहेत. देवाला दिलेले कासु गावांकडे ठेव म्हणून ठेवलेले, दर कासुमागे वर्षाला एक अष्टमांश कासु व्याज. साडेबारा टक्के! नोकरीत असताना मुदत ठेवीचे दर सांगताना हा आकडा मी मुद्दाम आठवत नसे. त्याच देवळाच्या आवारात तंजावरच्या मराठा गादीवरच्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले कुळाचा मराठी लेखही आहे. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे थेट त्याच्यासमोर फोटो काढतात, चार ओळी वाचून बघणारा विरळा.

कागद मागण्याची ही सवय मी एका साहेबाकडून उचलली. इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या देशी शब्दांचा कोश, 'हॉब्सन-जॉब्सन', 1886 मध्ये निघाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी आर्थर बर्नेल इथे तंजावरात जज्ज होता. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या संस्कृत पोथ्यांची सूचीही त्याचीच. कोश छापून आला तेव्हा तो हयात नव्हता, 1882 मध्येच गेला. त्या कोशातली शेरेबाजी पुष्कळदा तुसडी आहे, काही व्युत्पत्त्या आता टिकत नाहीत. पण शब्द कुणी, कधी, कुठे वापरला याचे उतारे तो सालवार देतो. जज्जच तो, ऐकीव साक्ष कशी घेणार? कॅशही त्यात आहे.

आपल्याकडे मात्र व्युत्पत्ती म्हटली की अभिमान आधी आणि पुरावा नंतर, तोही जमलं तर. तमिळ मित्रांना रागवावं तर आपलं सांबार आड येतं. भोसल्यांच्या कारभाराचे मोडी कागद तंजावरात आहेत. मराठी शब्द दक्षिणेत कसे वागले, तमिळ शब्द आपल्या तोंडात कधी बसले, हे त्यांतून साल-तारखेनिशी काढता येईल. त्यासाठी मोडी वाचणारी माणसं हवीत, आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी चार विद्यार्थी इथे धाडले तर खर्च फार नाही. आमच्या तंजावरी मराठी घरांत मोडी वाचणारे म्हातारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

सांबाराचा सांबाजीशी, म्हणजे संभाजीराजांशी, संबंध सांगणारं त्या काळातलं एखादं पत्र कुणापाशी असेल तर खुशाल पाठवा. मोडीत असलं तरी चालेल, मी लावून देईन.