उन्हाळ्याची सुटी आणि ख्रिस्ती कलाशिबिरें

उन्हाळ्याची सुटी लागली कीं मुलांचें काय करावें, हा प्रश्न घरोघर उभा राहतो. आजोळचें अंगण, आमराई आणि मामे-मावसभावंडांचा मेळा हें त्याचें पूर्वींचें ठरलेलें उत्तर. परंतु १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढें भोसरी, चिंचवड, चाकण या साऱ्या टापूचें रूप कारखान्यांनीं पालटून टाकिलें. खेड तालुक्यांतील कुरुळीसारखें शेतीवाडीचें गांवही आज त्याच पट्ट्यांत मोडतें. आईबाप पाळीवर गेलेले आणि सदनिकेचें दार बंद, अशा स्थितींत कित्येक मुलांची सुटी चार भिंतींतच सरते. अशा वेळीं एकाद्या ख्रिस्ती संस्थेच्या कलाशिबिराचें पत्रक घरीं येतें. गायन, चित्रकला, मातीकाम, नाट्य, असा भरगच्च बेत! मुलगी जाण्याचा हट्ट धरते, आईच्या मनास तें पटतें, आजोबा मात्र विचारतात, "तेथें गाणें शिकविणार, कीं धर्म?" हा प्रश्न जुनाट म्हणून उडवून लावण्याजोगा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

अशा शिबिरांची परंपरा कोठून आली हें पाहिलें म्हणजे त्याचें निम्में उत्तर मिळतें. १८९८ सालीं न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेकडील दाट वस्तींत एलायझा हॉज नांवाच्या बाईंनीं, सुटींत रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठीं, एक दारूचा गुत्ता भाड्यानें घेऊन तेथें वर्ग भरविला. बायबलांतील गोष्टी, गाणीं, चित्रें, हस्तव्यवसाय आणि खेळ असा त्याचा क्रम होता. १९०१ सालापासून रॉबर्ट बोव्हिल यांनीं तोच प्रयोग त्या शहरांत ठिकठिकाणीं नेला. कला आणि धर्मशिक्षण यांची सांगड या उपक्रमांत आरंभापासूनच आहे, हें यावरून दिसेल. ती असण्यांत कांहीं गैर नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ती पालकांस आधीं उघडपणें सांगितली जाते काय?

ही स्पष्टता नसली म्हणजे काय होतें, हें आपल्या पुण्यानें पाहिलें आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणिलें. मुलींस ख्रिस्ती धर्म शिकविला जाणार नाहीं, असें आश्वासन होतें. परंतु रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस मुली जाऊन बसूं लागल्या. रमाबाईंचें म्हणणें, आपलें दार उघडें आहे, येणारीस अडवावें कसें? पालकांचें म्हणणें, आम्हांस हें सांगितलें कोणीं? १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि पालकांनीं कित्येक मुली काढून नेल्या. दोष कोणाकडे किती, हा वाद बाजूस ठेवूं. शिक्षण मात्र त्या निरपराध मुलींचें बुडालें, हें विसरतां येत नाहीं.

याच्या उलट दुसरें उदाहरण आहे. १९०७ सालच्या जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोंवळ्या वयाचा ब्राह्मण मुलगा पुढें आला. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांनीं त्यास नगरच्या आपल्या घरीं आश्रय दिला. लक्ष्मीबाईंनीं आपल्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत त्याच्यावरील ममता मोकळेपणें वर्णिली आहे. त्या ख्रिस्ती घरांत त्याची काव्यशक्ति फुलली आणि महाराष्ट्रास बालकवि लाभले. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांनीं आपली श्रद्धा कधीं लपविली नाहीं, आणि मुलावरील मायेस तिची अटही घातली नाहीं.

कुरुळीपासून देहू व आळंदी हीं दोन्ही क्षेत्रें फार दूर नाहींत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलों, असें टिळक म्हणत. त्यांच्याही पूर्वीं फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांत छापलें गेलें, तें दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत. ज्ञानोबांची ओवी ज्यांनीं प्रेमानें आपलीशी केली, त्यांचें गाणें आपल्या मुलांनीं ऐकिलें तर कान बाटतील, ही भीति आम्हांस पटत नाहीं.

तेव्हां शिबिर चालविणारांस आमची विनंति अशी कीं, दिवसाचा कार्यक्रम लेखी द्यावा. प्रार्थना कोणत्या वेळीं, बायबल कोणत्या वेळीं, हें त्यांत असावें. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानें सरकारमान्य अथवा सरकारी मदतीच्या शिक्षणसंस्थांत अज्ञान मुलास पालकांच्या संमतीवांचून उपासनेस बसवितां येत नाहीं. शिबिर त्या कक्षेंत येवो न येवो, तत्त्व तेंच पाळावें. जें मूल प्रार्थनेस बसणार नाहीं त्यास त्या वेळीं रंगपेटी द्यावी. परंतु त्याचें बक्षीस किंवा नाटकांतील भूमिका कमी करूं नये. मुक्कामाचें शिबिर असल्यास मुलींची व्यवस्था निराळी व जबाबदार स्त्रियांच्या देखरेखीखालीं असावी. इंद्रायणीच्या पात्रांत कोणीही उतरूं नये. पालकांस केव्हांही येऊन पाहण्याची मुभा असावी. आणि "हें घरीं सांगूं नको" असें वाक्य तेथें कोणीही कोणत्याही मुलास म्हणूं नये.

पालकांचेंही कर्तव्य आहे. मुलाला हेर करून पाठवूं नये. संध्याकाळीं तें परतलें म्हणजे त्यास जवळ बसवून, आज काय गायलास, काय रंगविलेंस, हें सहज विचारावें आणि तें गाणें आजीआजोबांनींही ऐकावें. ज्या घरांत सायंकाळीं दिवा लावून परवचा म्हटला जातो, त्या घरच्या मुलाचें मन एका आठवड्याच्या शिबिरानें उन्मळून पडेल असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आधीं आपल्या घरांतील सायंकाळीचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट. आपल्या वाड्यांतील किंवा सोसायटींतील संस्कारवर्गांत शेजारचें ख्रिस्ती अथवा मुसलमान मूल गोष्टी ऐकावयास येतें, तेव्हां त्याच्या आईबापांस आपण कधीं विचारलें आहे काय? स्तोत्र म्हणण्याची त्यास मोकळीक असावी, तशीच न म्हणण्याचीही. आजोबांचा प्रश्न योग्य आहे. फक्त तो शेजाऱ्यांच्या दारीं विचारण्यापूर्वीं आपल्याही दारीं एकदां विचारावा.