करदात्यांच्या माथी मारलेली चाचणी

नवं संकेतस्थळ पुरतं तपासण्याआधी लोकांसमोर उघडणाऱ्याला मी उतावळा म्हणणार नाही. उतावळा माणूस निदान स्वतः ठेचकाळतो. इथे घाई एकाची असते आणि ठेच दुसऱ्याला लागते. म्हणून मी याला बेजबाबदारपणा म्हणतो. प्राप्तिकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलचं 2021 साली जे झालं, त्यावर ‘तांत्रिक अडचणी’ असा शिक्का मारून आपण सगळे फार लवकर मोकळे झालो. मी ते विसरायला तयार नाही, कारण तोच प्रसंग पुन्हा येऊ घातला आहे.

जानेवारी 2019 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पासाठी सुमारे 4,242 कोटी रुपये मंजूर केले. निविदा निघाली होती, काम इन्फोसिसला मिळालं. रिटर्नवर प्रक्रिया व्हायला 63 दिवस लागत, ते काम एका दिवसात व्हावं असं उद्दिष्ट ठरलं. उद्दिष्ट रास्त होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच वेळी केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी पत्रकारांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. काम 18 महिन्यांत पूर्ण होईल आणि तीन महिने चाचणी घेऊन मगच यंत्रणा सुरू होईल. हे तीन महिने वाचकांनी लक्षात ठेवावेत.

1 ते 6 जून 2021 या काळात जुनं पोर्टल बंद ठेवलं गेलं. 7 जूनच्या रात्री नवं उघडलं. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना इन्फोसिस आणि नंदन निलेकणी यांना ट्विटरवरून जाहीरपणे सांगावं लागलं की करदात्यांची निराशा करू नका. निलेकणींनी खेद व्यक्त केला, आठवडाभरात घडी बसेल अशी आशा दाखवली. घडी बसली नाही. 22 जूनच्या इन्फोसिसबरोबरच्या बैठकीच्या वेळी सरकारनेच जो हिशेब मांडला त्यात 700 हून अधिक ई-मेल, त्यांत 2,000 हून अधिक तक्रारी आणि वेगवेगळे असे 90 दोष होते.

हे दोष कसले होते, ते पाहा. आधी भरलेली रिटर्न्स दिसत नव्हती. डिजिटल सही नोंदवता येत नव्हती. टीडीएसची विवरणं अडली, नोटिशींना उत्तर देण्याची सोय अडली. परदेशी पैसे पाठवताना लागणारे 15 सीए आणि 15 सीबी हे फॉर्म तर छापून, हाताने बँकेत नेऊन द्यायची परवानगी खात्याला द्यावी लागली, आणि ती मुदत पुढेही वाढवावी लागली. यातला एकही दोष कोपऱ्यातला नाही. लाखात एखाद्याला कधीतरी भेटणारी ही चूक नव्हती. एखाद्या सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्या आर्टिकल मुलाला नव्या पोर्टलसमोर दिवसभर बसवून ‘तू रोज करतोस तेवढंच कर’ असं सांगितलं असतं, तर त्याने संध्याकाळपर्यंत यातली अर्धी यादी कागदावर उतरवून दिली असती. लॉगिन करणं, सही जोडणं, मागच्या वर्षीचं रिटर्न उघडून पाहणं ही या धंद्यातली रोजची कामं आहेत. ती न चालणारं पोर्टल ‘तयार आहे’ असं कागदावर लिहून कोणीतरी सही केली. ती सही कोणाची, हे करदात्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही.

खात्याला सावधपणा ठाऊक नव्हता असं म्हणायचीही सोय नाही. 5 जूनच्या प्रसिद्धिपत्रकात खात्यानेच जाहीर केलं होतं की कर भरण्याची नवी व्यवस्था 7 ऐवजी 18 जूनला सुरू होईल. कारणही दिलं होतं. 15 जूनला अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा हप्ता असतो, करदात्यांची गैरसोय नको. म्हणजे ऐन मुदतीच्या तोंडावर यंत्रणा बदलू नये, हे तत्त्व खात्याला नीट माहीत होतं. जिथून तिजोरीत पैसा येतो, त्या वाटेला ते लागू झालं. जिथून करदात्याला रिटर्न भरायचं, परतावा मागायचा, नोटिशीला उत्तर द्यायचं, त्या वाटेला लागू झालं नाही. नव्या व्यवस्थेशी ओळख व्हावी म्हणून सुनावण्या आणि उत्तरांच्या तारखा 10 जूनपासून पुढच्या ठेवाव्यात, असं अधिकाऱ्यांना सांगण्यात आलं होतं. 7 तारखेच्या रात्री उघडलेलं पोर्टल, आणि ओळख करून घ्यायला तीन दिवस!

आणि वेळ कोणती निवडली? मे 2021 नुकताच सरला होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी माणसं ऑक्सिजनसाठी धावत होती. त्याच मे महिन्यात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने (सीबीडीटी) महासाथीचं कारण देऊन रिटर्नची मुदत 31 जुलैवरून 30 सप्टेंबरवर नेली, आणि योग्य केलं. मग ज्या संकटात करदात्याला दोन महिने जास्त लागतील हे मान्य होतं, त्याच संकटात पोर्टल बनवणाऱ्यांनाही जास्त वेळ लागेल हे का मान्य झालं नाही? मुदत वाढवलेलीच होती. जुनं पोर्टल चालू ठेवून आणखी दोन-तीन महिने चाचणी घेतली असती, तर कोणाचं काय बिघडलं असतं? या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्याही सरकारी निवेदनात सापडलं नाही.

माझा खरा राग दोषांवर नाहीच. दोष प्रत्येक यंत्रणेत निघतात. जुनं बंद करून परतीची वाट मोडली, यावर माझा राग आहे. बँकेत संगणकप्रणाली बदलतात तेव्हा जुनी आणि नवी काही काळ जोडीने चालवतात, दोन्हींचे आकडे जुळतात का ते पाहतात. नव्या पुलावर वाहतूक सोडण्याआधी भरलेले ट्रक उभे करून तो किती वाकतो ते मोजतात, आणि तोवर लोक जुन्या पुलावरूनच जातात. इथे जुना पूल आधी पाडला.

मग करदात्यांनी आणि त्यांच्या सल्लागारांनी काय केलं? दोष शोधले, पडद्यांची चित्रं काढून पाठवली, ई-मेल लिहिले, रात्री जागून पुन्हापुन्हा प्रयत्न केले. ज्या कामासाठी करोडो रुपयांचा करार झाला होता, ते काम लोकांकडून बिनमोल करून घेतलं गेलं. आपल्याकडे याला वेठ म्हणतात. जुलै 2021 मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार तोवर या प्रकल्पावर इन्फोसिसला 164.5 कोटी रुपये देऊन झाले होते. दोष शोधून देणाऱ्या करदात्याच्या पदरात काय पडलं? ऑगस्टच्या सुरुवातीला सॉफ्टवेअरने काहींच्या रिटर्नवर कलम 234ए खाली व्याज आणि 234एफ खाली विलंबशुल्क आकारलं, मुदत 30 सप्टेंबरपर्यंत वाढलेली असताना! खात्याने चूक कबूल केली, सॉफ्टवेअर 1 ऑगस्टला दुरुस्त केल्याचं सांगितलं, जादा भरलेले पैसे प्रक्रियेच्या वेळी परत मिळतील असंही सांगितलं. म्हणजे चूक यंत्रणेची, पैसे आधी करदात्याचे, आणि वाट पाहणंही करदात्याचंच.

कायदा या बाबतीत एका बाजूला फार कडक आहे. एक दिवस उशीर झाला तरी 5,000 रुपये विलंबशुल्क. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर 1,000. बाकी करावर दर महिन्याला एक टक्का व्याज. पोर्टल 21 आणि 22 ऑगस्टला सलग दोन दिवस बंद पडलं, त्या दोन दिवसांचं कुठलंही शुल्क करदात्याच्या खात्यावर जमा झालं नाही. 23 ऑगस्टला इन्फोसिसचे प्रमुख सलील पारेख यांना अर्थमंत्र्यांनी बोलावून घेतलं, 15 सप्टेंबरची मुदत दिली. त्या बैठकीत कंपनीने सांगितलं की 750 हून अधिक माणसं या कामावर आहेत. मला त्या माणसांच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण दोष निस्तरायला ऑगस्टमध्ये इतकं मनुष्यबळ उभं राहू शकतं, तर जूनच्या आधी तेवढ्याच कसोशीने तपासणी का होऊ शकली नाही?

शेवटी 9 सप्टेंबरला मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. ऑडिटच्या प्रकरणांत तर रिटर्नची तारीख 15 मार्च 2022 पर्यंत गेली, आणि त्या परिपत्रकात कोविडबरोबर इलेक्ट्रॉनिक फायलिंगमधल्या अडचणींचाही उल्लेख आहे. ते परिपत्रक निघालं, तोवर पोर्टल उघडून सात महिने झाले होते.

बचाव करणारे म्हणतात, एवढ्या मोठ्या यंत्रणेवर खरा भार आल्याशिवाय दोष कळतच नाहीत. हे अर्धसत्य आहे. शेवटच्या दिवशी किती लोक येतात हे खात्याला वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरून माहीत असतं. 31 डिसेंबर 2021 या एका दिवशी 46.11 लाख रिटर्न्स भरली गेली. असा भार कृत्रिमरीत्या निर्माण करून यंत्रणेला ताण देण्याची साधनं उद्योगात कधीचीच रुळलेली आहेत. आणि डिजिटल सही न चालणं याचा भाराशी संबंधच नाही.

जबाबदारी ठरवता येत नाही, हेही खोटं आहे. ब्रिटनमध्ये टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये आपली खाती एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर नेली आणि लाखो ग्राहक आपल्याच पैशांपासून तुटले. पुढच्या चौकशीत निघालं की दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच चाचणी झाली होती. बँकेला ग्राहकांना 3.27 कोटी पौंडांची भरपाई द्यावी लागली, 2022 मध्ये 4.865 कोटी पौंडांचा दंड झाला, आणि 2023 मध्ये बँकेच्या तेव्हाच्या माहिती तंत्रज्ञान प्रमुखाला व्यक्तिशः 81,620 पौंडांचा दंड झाला. आपल्याकडेही मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये लाखो उत्तरपत्रिका पुरेशी तयारी न करता पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. मुलांची वर्षं त्यामुळे परत आली नाहीत. पण चुकीला एक चेहरा असतो, हे निदान एकदा मान्य झालं.

मग 2019 मध्ये कबूल केलेल्या त्या तीन महिन्यांचं काय झालं? चाचणी झाली नसेल, तर दिलेला शब्द मोडला. झाली असेल, तर तिच्यात हे 90 दोष दिसले की नाहीत? दिसले नसतील तर ती चाचणी नव्हती. दिसूनही पोर्टल उघडलं असेल, तर तो निर्णय कोणी घेतला ते देशाला कळलं पाहिजे.

हे आत्ता लिहिण्याचं कारण साधं आहे. नव्या प्राप्तिकर कायद्याची अंमलबजावणी 1 एप्रिल 2026 पासूनची आहे आणि खात्याने आयईसी 3.0 या पुढच्या प्रणालीचा घाट घातला आहे. 2021 चं पोर्टल आयईसी 2.0 होतं. सीए आणि कर सल्लागारांच्या संघटनांना, आणि दरवर्षी स्वतःचं रिटर्न स्वतः भरणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. नवं पोर्टल उघडण्याच्या तारखेबद्दल विचारू नका. चाचणीचा अहवाल आधी प्रसिद्ध करा, असं लेखी मागा. त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं आणि कंपनीच्या प्रतिनिधीचं नाव मागा. एक पूर्ण हंगाम सुरळीत पार पडेपर्यंत जुनं पोर्टल चालू राहील, आणि तोवर यंत्रणेच्या दोषामुळे झालेल्या उशिराला एक रुपयाही विलंबशुल्क लागणार नाही, अशी अधिसूचना मागा. आपल्या खासदारांना हे संसदेत विचारायला सांगा. आत्ता विचारा, नवं पोर्टल उघडल्यावर नाही.