माशीने धरला मासा!

बालमित्रांनो, पिसांची खोटी माशी गळाला बांधून मासा धरतात, ठाऊक आहे? विलायतेत ट्राउट मासा असाच फसतो. आपल्या दुसरबीडजवळ, राहेरीच्या पुलाखालच्या खडकपूर्णेत मात्र गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी!

ही नदी अजिंठ्याच्या डोंगरातून निघते आणि परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. १५९८ साली जिजाऊ जन्मल्या, ते सिंदखेडराजा आपल्याच तालुक्याचं गाव. अशी ही जुनी नदी!

हिवाळ्यात पाणी गार असतं. मासा सुस्तावतो, कमी खातो. उन्हाळ्यात पाणी आटतं, मासे डोहात गोळा होतात. आणि पावसाळ्यात? रोहू, कटला वाहत्या पाण्यात अंडी घालतात. नेमकी तेव्हाच काठावर गर्दी! पण बरं का, मोठ्या रोहूच्या पोटात लाखो अंडी असतात. अशी एक मादी ताटात आली, की पुढच्या वर्षीचे किती मासे गेले?

म्हणून आषाढ-श्रावणात गळ खुंटीलाच राहू द्या. पुराच्या पाण्याजवळ तर जाऊच नका.

आता एक काम करा. पूर्वी नदीत असलेले कोणते मासे आज दिसत नाहीत, ते आजोबांना विचारा आणि वहीत लिहा.