बदकाची पिल्ले आणि कात्रीचा प्रश्न

आईपासून ताटातूट झालेली बदकाची पिल्ले एखाद्या घरी किंवा शेतावर वाढू लागली की सातव्या-आठव्या आठवड्यात, म्हणजे पंख पसरून धावता धावता ती जमिनीवरून वीतभर उचलली जाऊ लागतात त्या सुमारास, त्यांची उड्डाणपिसे कातरावीत की नाही, असा प्रश्न सांभाळणाऱ्यापुढे उभा राहतो. हा प्रश्न बहुधा माया आणि मोकळीक यांच्यातील ओढाताण म्हणून मांडला जातो. परंतु त्याचे उत्तर पिल्लू कोणत्या जातीचे आहे, ते कसे वाढवले गेले आणि पुढे ते कोठे राहणार आहे, या तीन गोष्टींवर अवलंबून असते. या तिन्ही गोष्टी पिल्लू हाती आल्यापासूनच्या पहिल्या काही दिवसांत ठरत जातात आणि म्हणूनच कात्री हाती घेण्याची वेळ येईपर्यंत निर्णयाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो.

थापट्या, तलवार बदक यांसारखी हिवाळ्यात उत्तरेकडून महाराष्ट्रात येणारी बदके येथे अंडी घालत नाहीत. त्यामुळे नांदूर मधमेश्वरसारख्या पाणथळ जागी किंवा गावतळ्याच्या काठी सापडणारे रानटी पिल्लू बहुधा निवासी जातींपैकी, म्हणजे हळदी-कुंकू बदक, अडई किंवा नकटा यांपैकी एखाद्या जातीचे असते. हळदी-कुंकू बदक पाण्याजवळच्या दाट गवतात जमिनीवर घरटे करते, तर अडई आणि नकटा पुष्कळदा झाडाच्या ढोलीत अंडी घालतात आणि ढोलीत जन्मलेली पिल्ले लवकरच खाली उडी घेऊन आईच्या मागे पाण्याकडे चालू लागतात. झाडाखाली दिसलेले पिल्लू घरट्यातून पडलेलेच असते असे नाही, हे त्यामुळेच ध्यानात ठेवावे लागते. याउलट पाळीव बदकांपैकी पेकिन, इंडियन रनर, खाकी कॅम्पबेल आणि केरळच्या कुट्टनाड भागातील चारा व चेंबल्ली हे वाण मॅलार्ड या रानबदकापासून उत्पन्न झालेले आहेत, तर मस्कोव्ही हे मूळचे अमेरिका खंडातील निराळे बदक आहे. अंगभर पिवळी लव असलेले पिल्लू बहुधा पाळीव असते. तपकिरी पिल्लाबाबत मात्र घाईने मत बनवू नये, कारण खाकी कॅम्पबेलचे पिल्लूही तपकिरीच असते आणि हळदी-कुंकू बदकाच्या चोचीवरील लाल ठिपके व पिवळे टोक ही ओळखीची खूण पिल्लाच्या वयात दिसत नाही.

जातीच्या ओळखीला कायद्याचाही आधार आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानपक्षी पकडणे ही शिकारीच्या व्याख्येत मोडणारी कृती आहे, आणि कलम ३९ प्रमाणे ज्याच्या ताब्यात असा प्राणी कोणत्याही कारणाने आला असेल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला तसे कळवणे बंधनकारक आहे. हेतू कितीही चांगला असला तरी रानबदकाचे पिल्लू घरी ठेवून वाढवण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. ते वन विभागाकडे किंवा विभागाची मान्यता असलेल्या उपचार केंद्राकडे सोपवणे हाच मार्ग उरतो. त्याही आधी पिल्लू खरोखरच पोरके आहे का, हे पाहावे लागते. माणूस किंवा कुत्रा जवळ आला की बदकाची मादी पंख मोडल्याचे सोंग करीत दूर फडफडत जाते, पिल्ले गवतात निपचित बसून राहतात आणि धोका टळल्यावर ती परत येते. या मधल्या काळात पिल्ले उचलून नेणारा माणूसच त्यांना पोरके करतो.

ज्यांना खरोखरच माणसाच्या हाती वाढावे लागते त्या पिल्लांची पहिली गरज ऊब ही असते. बदकाची पिल्ले डोळे उघडे घेऊन, अंगावर लव घेऊन आणि चालण्याची शक्ती घेऊनच जन्मतात, पण शरीराचे तापमान स्वतः राखण्याची क्षमता त्यांच्यात हळूहळू येते. म्हणून पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये, म्हणजे दिव्याने ऊब दिलेल्या खोक्यात, सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमान ठेवून ते दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवत नेतात. पिल्ले दिव्याखाली एकमेकांना चिकटून बसली तर ऊब कमी पडते आहे आणि दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर ती जास्त होते आहे, हे तापमापकाइतकेच भरवशाचे लक्षण आहे. पाणी उथळ पण नाकपुड्या बुडतील इतके खोल असावे लागते, कारण घास गिळण्यासाठी आणि डोळे व नाकपुड्या स्वच्छ ठेवण्यासाठी पिल्लाला त्याची गरज असते. मात्र आईच्या पंखाखाली सुकण्याची सोय नसलेले पिल्लू फार वेळ पोहत राहिले तर भिजून गारठते आणि त्यातच दगावू शकते.

आहाराचा विषय अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण पंखांचे भवितव्य काही अंशी येथेच ठरते. रानातले पिल्लू पहिले काही दिवस मुख्यतः पाण्यातील किडे, अळ्या आणि गोगलगायी खाते. घरात मात्र त्याला पाव, शिळा भात किंवा कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य मिळते, आणि कोंबडीच्या खाद्यात नायसिन हे ब गटातील जीवनसत्त्व बदकाला पुरेल इतके असतेच असे नाही. मांसल कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यात सुमारे ३५ मिलिग्रॅम नायसिन पुरते, तर बदकाच्या पिल्लाला ५५ मिलिग्रॅमच्या आसपास लागते, आणि ते कमी पडले की पाय धनुष्याकृती वाकतात किंवा लुळे पडतात. स्वस्त प्रथिन म्हणून दिली जाणारी शेंगदाणा पेंड बुरशी लागलेली असेल तर ती थेट विषच ठरते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचे कारण ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतील बुरशीचे विष असल्याचे आढळले. त्यातूनच अफ्लाटॉक्सिनची ओळख झाली आणि हे विष ओळखण्यासाठी पुढे बदकाच्या एक दिवसाच्या पिल्लांचाच उपयोग केला गेला, कारण ती त्याला विलक्षण संवेदनशील असतात. पावसाळ्याच्या दमट हवेत साठवलेल्या पेंडीबाबत ही गोष्ट विसरून चालत नाही. याखेरीज फार पौष्टिक खाद्याने शरीर आणि पिसे प्रमाणाबाहेर वेगाने वाढली की रक्ताने भरलेल्या नव्या पिसांचा भार मनगटाच्या सांध्याला पेलत नाही आणि पंखाचे टोक बाहेरच्या बाजूला पिळले जाते. एंजल विंग नावाचा हा दोष पहिल्या काही दिवसांत पंख अंगाशी बांधून सुधारला नाही तर कायमचा राहतो आणि असा पक्षी कधीच उडू शकत नाही.

दुसरा धोका मनाशी संबंधित आहे. अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या थोड्या काळात जी हलती वस्तू डोळ्यांसमोर असेल तिच्यामागे जाण्याची ओढ पिल्लाच्या ठायी पक्की होते. या प्रक्रियेला इम्प्रिंटिंग म्हणतात. कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले आणि प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ चे नोबेल पारितोषिक कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्यासमवेत त्यांना मिळाले. एकहार्ड हेस यांच्या मॅलार्डवरील प्रयोगांत ही ओढ जन्मानंतर १३ ते १६ तासांच्या दरम्यान सर्वाधिक तीव्र आढळली. काठावर सापडलेल्या पिल्लाने हा काळ बहुधा आईसोबत घालवलेला असतो, त्यामुळे खरी जोखीम उबवणी यंत्रात जन्मलेल्या किंवा एकट्याने वाढणाऱ्या पिल्लाला असते. तरीही माणसाची भीती मोडण्यास पुढचे आठवडे पुरेसे असतात, आणि नर पिल्ले ज्या जातीच्या सहवासात वाढतात त्या जातीचा जोडीदार पुढे शोधू लागतात, असेही अभ्यासांत दिसले आहे. म्हणून उपचार केंद्रांत रानटी पिल्ले त्यांच्याच जातीच्या सोबत्यांबरोबर ठेवतात आणि माणसाचा वावर खाद्य देण्यापुरता राखतात. जे पिल्लू माणसाला कळप मानू लागले त्याला पंख असूनही रानात जागा उरत नाही.

आता प्रत्यक्ष कातरण्याकडे वळता येईल. बदकाच्या पंखाच्या टोकाकडील दहा लांब पिसांना प्राथमिक पिसे म्हणतात आणि उड्डाणाचा रेटा मुख्यतः त्यांतून मिळतो. ती एकाच पंखावर कातरली की दोन्ही बाजूंचा तोल बिघडतो आणि पक्षी हवेत उठू शकत नाही. पूर्ण वाढलेले पीस नखासारखे निर्जीव असल्याने ते कापताना वेदना होत नाही. पण वाढत्या पिसाच्या देठात रक्त खेळते असते आणि तेच कापले गेले तर रक्तस्राव होतो, त्यामुळे पिसे पूर्ण निघण्याआधी घाई करणे घातक ठरते. याहून अगदी वेगळी क्रिया म्हणजे पिनिअनिंग, ज्यात पंखाच्या शेवटच्या सांध्यापुढचा हाडासह भाग काढून टाकला जातो आणि पक्षी जन्मभर उड्डाणाला मुकतो. पिसे कातरणे दुरुस्त होऊ शकते, पिनिअनिंग होऊ शकत नाही. म्हणून घरगुती पातळीवर दुसरीचा विचारही करू नये, शिवाय प्राण्यांचा अवयवच्छेद हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हा आहे.

कातरलेली पिसे कायमची जात नाहीत, कारण बदके वर्षातून एकदा, बहुधा विणीनंतर, सर्व उड्डाणपिसे एकदम टाकतात आणि नवी पिसे येईपर्यंत सुमारे तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. म्हणजे उड्डाणाविना राहणे बदकाला मुळीच अनोळखी नाही. परंतु त्या काळात रानबदक उघड्यावर फिरत नाही, दाट गवतात आणि खोल पाण्यात दडून राहते. कात्री नेमका हाच भाग गाळते. अंगणातल्या टबाजवळ किंवा उघड्या शेततळ्यावर पिसे कातरलेले बदक सोडले तर मुंगूस, भटके कुत्रे आणि घार यांच्यापासून वाचण्याचा त्याचा शेवटचा उपाय काढून घेतलेला असतो.

याची दुसरी बाजूही आहे, कारण सगळ्याच बदकांना मोकळे उडू देणे हिताचे नसते. पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था स्थापन केली आणि तेथे १९४८ मध्ये उत्तर अमेरिकेतून रडी डक या बदकाच्या काही जोड्या आणल्या. त्यांची पिल्ले पकडून पिनिअन करणे अवघड गेल्याने १९५० च्या दशकात काही पिल्ले उडून गेली, त्यांची रानात वीण झाली आणि २००० च्या सुमारास ब्रिटनमधील त्यांची संख्या सहा हजारांच्या घरात पोहोचली. तेथून ती स्पेनपर्यंत गेली आणि १९७७ मध्ये जेमतेम २२ उरून नंतर सावरत असलेल्या तेथील पांढऱ्या डोक्याच्या बदकाशी त्यांचा संकर होऊ लागला. अखेर २००५ पासून ब्रिटनला रडी डकच्या निर्मूलनाची मोहीम चालवावी लागली. अमेरिकेतील नियमांनुसार बंदिवासात वाढवलेल्या मॅलार्डवर सहा आठवड्यांच्या आत कायमची खूण करावी लागते, तीही याच विचारातून, की पाळीव आणि रानटी यांची सरमिसळ रोखता यावी.

महाराष्ट्रापुरता निष्कर्ष या सर्वांतून बराच स्पष्ट होतो. हळदी-कुंकू बदक, अडई किंवा नकटा यांच्या पिल्लाची पिसे कोणत्याही परिस्थितीत कातरू नयेत. दख्खनच्या पठारावरील पुष्कळशी तळी उन्हाळ्यात आटतात, ही बदके तेव्हा पाणी शोधत दुसरीकडे जातात आणि ज्याला उडता येत नाही ते बदक कोरड्या तळ्यासोबतच संपते. पेकिन आणि इंडियन रनर यांसारख्या उडू न शकणाऱ्या वाणांना कात्रीची गरजच नाही. मस्कोव्ही आणि हलक्या अंगाची मॅलार्डवळणी पाळीव बदके मात्र चांगली उडतात, आणि ती सार्वजनिक तळ्यावर गेली तर बर्ड फ्लूसारख्या रोगाची देवाणघेवाण होण्याचा आणि मॅलार्डवंशीयांच्या बाबतीत हळदी-कुंकू बदकाशी संकर होण्याचाही संभव असतो, कारण ही दोन्ही एकाच प्रजातीत मोडतात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरमध्ये २००६ साली देशातील पहिला बर्ड फ्लू पाळीव कोंबड्यांत आढळला होता, हे पाहता ही शंका केवळ तात्त्विक राहत नाही.

अशा उडणाऱ्या पाळीव बदकांसाठीच कातरण्याचा पर्याय विचारात घेण्याजोगा उरतो आणि तोही एका अटीवर. निसर्गात पिसे गळण्याच्या काळात बदकाला जे आडोसा आणि खोल पाणी मिळते ते वर्षभर पुरवण्याची, म्हणजे रात्री कुलूप लागणारे जाळीचे खुराडे, दिवसा दडण्याइतकी झाडी आणि सुरक्षित पाणी देण्याची तयारी पाळणाऱ्याने ठेवली पाहिजे. ही तयारी असेल तर बंदिस्त जाळीनेच बहुतेक काम भागते आणि कात्री क्वचितच लागते. नसेल, तर पिसे कातरूनही बदकाचे रक्षण होत नाही, आणि ते बदक ज्याच्याकडे अशी सोय आहे अशा पाळणाऱ्याकडे सोपवणे अधिक योग्य ठरते.