सुईची भीती मोजून घ्या

मूत्रपिंडाची बायोप्सी करायची म्हटले की घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : ‘चांगल्या किडनीला सुई टोचली की ती जातेच’ आणि ‘त्यापेक्षा आधी गोळ्या देऊन बघा.’ ही भीती हसण्यावारी नेऊ नये. तिला उत्तर द्यावे.

पहिला आक्षेप घेऊ. एका मूत्रपिंडात सरासरी १० लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. सुईतून निघतात ते सुतळीच्या धाग्याएवढे दोन-तीन तुकडे. त्यात पंधरा-वीस गाळण्या मिळाल्या तरी निदानाला बहुधा पुरतात. एवढ्याने किडनी निकामी होत नाही. मग ‘बायोप्सी झाली आणि डायलिसिस लागले’ असे का दिसते? कारण मूत्रपिंड आधीच झपाट्याने ढासळत होते, म्हणूनच तर बायोप्सी करावी लागली. इथे कारणाच्या जागी भलत्यालाच उभे केले जाते.

भीतीला इतिहास आहे, हे मान्य. स्वीडनच्या निल्स आल्वाल यांनी १९४४ मध्ये १३ रुग्णांवर अशी बायोप्सी केली. एक रुग्ण दगावला आणि त्यांनी ती थांबवली. पण तेव्हा सोनोग्राफी नव्हती. आज पालथ्या झोपलेल्या रुग्णाची किडनी पडद्यावर दिसते. श्वास रोखायला सांगतात, स्प्रिंगची सुई ‘खट्’ करून क्षणात आत जाऊन येते. ९,४७४ बायोप्सींच्या २०१२ मधील आढाव्यात लघवीतून डोळ्यांना दिसेल एवढे रक्त ३.५ टक्के रुग्णांना गेले, रक्त चढवावे लागले ०.९ टक्क्यांना, मृत्यू ०.०२ टक्के.

आता दुसरी बाजू. ‘काही होत नाही हो, सही करा’ म्हणणारे डॉक्टरही तितकेच चुकतात. सुमारे १ लाख १८ हजार बायोप्सींच्या २०२० मधील आढाव्यात मृत्यूचे प्रमाण ०.०६ टक्के आढळले. आधीच गंभीर होऊन दाखल झालेल्यांना धोका अधिक. रक्तस्राव लगेच दिसेल असेही नाही. २००४ च्या ७५० रुग्णांच्या अभ्यासात आठ तासांतच घरी सोडले असते तर एकतृतीयांश गुंतागुंती नजरेतून निसटल्या असत्या. म्हणून रक्तदाब आटोक्यात आणणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा विचार आधीच करणे आणि नंतर दर वेळची लघवी बाटलीत धरून ओळीने रंग पाहणे, यात हयगय नको.

राहिले ‘गोळ्या देऊन बघा.’ ल्युपस या आजारात मूत्रपिंडाला कुठल्या प्रकारची इजा झाली यावर औषध ठरते, आणि ती इजा नेमकी बायोप्सीतच कळते. अंदाजाने दिलेले स्टेरॉइड साखर वाढवते, दबलेला क्षयही उठवू शकते. हा धोका कुठल्याच संमतिपत्रावर छापलेला नसतो, एवढाच फरक.

बायोप्सी सर्वांनाच हवी असे मात्र नाही. स्टेरॉइडने सूज उतरणाऱ्या लहान मुलांना, किंवा मूत्रपिंडे आक्रसून गेलेल्यांना ती सहसा करत नाहीत. तेव्हा सही करण्यापूर्वी एकच विचारा : ‘अहवाल आल्यावर औषध बदलणार आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर सुई टाळणे हाच मोठा जुगार. ‘नाही’ असेल, तर नकार द्यायला कचरू नका.